टेकडीवर कोण पोचतं? प्रार्थना आणि आरोग्य यांवरचे पेपर वाचताना



पेट निघाली, गाईड ठरले, आता विषय काय घ्यायचा? या टप्प्यावर आलेल्यांच्या यादीत एक विषय हमखास असतो: ‘नियमित प्रार्थनेचा शारीरिक आरोग्यावर होणारा परिणाम’. मानसशास्त्रवाल्यांना चालतो, समाजशास्त्रवाल्यांना चालतो, शारीरिक शिक्षणवाल्यांनाही चालतो. सॅम्पल गावातच मिळतं, प्रश्नावली कुणाची तरी तयार असते आणि घरच्यांनाही विषय आवडतो. निष्कर्षही बरेचदा आधीच ठरलेला असतो: परिणाम होतो, आणि चांगलाच होतो.

आज या विषयावरचे काही गाजलेले पेपर घेऊन बसू. त्यातला एक तर मराठी माणसांवरच झालाय, फक्त महाराष्ट्रात नाही, मॉरिशसमध्ये. माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. ‘प्रार्थनेचा उपयोग होतो का?’ हा एवढा मोठा प्रश्न यातल्या एकाही पेपरने सोडवलेला नाही. प्रत्येकाने त्याहून बराच छोटा प्रश्न घेतलाय. पेपरात दम आहे की नाही, हे त्या छोट्या प्रश्नात कोणाची तुलना कोणाशी केली यावर ठरतं.

आधी येरमाळ्याला जाऊ

समजा तुम्ही धाराशिव जिल्ह्यातले आहात आणि डेटा गोळा करायला कळंब तालुक्यातलं येरमाळा निवडलंत. गावाजवळ बालाघाटाच्या टेकडीवर येडेश्वरीचं मंदिर आहे. चैत्री पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. देवीची पालखी आमराईकडे निघते, वाटेत चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचून वाहतात. लाखो माणसं येतात, म्हणजे सॅम्पलची चिंताच नाही.

तुम्ही पायऱ्या चढून वर जाता आणि दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या शंभर जणांना गाठता. दर पौर्णिमेला येता का? गुडघे दुखतात का? दम लागतो का? गेल्या वर्षभरात दवाखान्यात ॲडमिट होता का? मग हेच प्रश्न गावातल्या, देवळात फारसं न जाणाऱ्या शंभर जणांना विचारता. आकडे मांडल्यावर दिसतं की नियमित दर्शनाला येणाऱ्यांचे गुडघे चांगले, दम कमी, ॲडमिशन कमी. टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली. झाला पेपर!

आता विचार करा, टेकडीवर कोण पोचतं? ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो. ज्या आजीचे गुडघे गेले तिची श्रद्धा कमी झालेली नाही. ती घरी बसून देवीचं नाव घेते, परडी भरते, नातवाबरोबर नारळ पाठवते. पण तुमच्या हिशेबात ती ‘देवळात न जाणारी’ झाली. म्हणजे प्रार्थनेने गुडघे चांगले राहिले असं तुम्ही दाखवलंच नाही. गुडघे चांगले असणाराच तुमच्या प्रश्नावलीपर्यंत पोचला, एवढंच दाखवलं. कारण आणि परिणाम यांची दिशा उलटी झाली.

हे उदाहरण गावाकडचं वाटेल, पण मोठमोठ्या जर्नलांमध्ये या विषयावर झालेल्या वादाचा बराचसा भाग याच एका अडचणीभोवती फिरतो.

पहिला प्रश्न: प्रार्थना करणारे जास्त जगतात का?

२०१६ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांवरचा अभ्यास आला. ७४,५३४ स्त्रिया. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा धार्मिक सभेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. बातम्या आल्या की ‘प्रार्थनेमुळे आयुष्य वाढतं’.

पेपर उघडून बघा. मोजलंय काय? चर्चमध्ये जाणं. घरी बसून किती वेळ प्रार्थना केली हा या आकड्याचा आधार नाही. चर्चला जाणं म्हणजे घराबाहेर पडणं, ओळखीची माणसं भेटणं, आजारी पडलात तर कुणीतरी डबा घेऊन येणं, व्यसन लागलं तर चार डोळे वटारले जाणं. संशोधकांनी हे मार्ग वेगळे काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या हिशेबानुसार फरकाचा साधारण २३ टक्के भाग सामाजिक आधारातून आणि साधारण २२ टक्के भाग धूम्रपान कमी असण्यातून समजावता येतो.

टेकडीची अडचण त्यांनाही ठाऊक होती. म्हणून त्यांनी एकाच वेळची माहिती घेऊन थांबायचं टाळलं, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा माहिती घेतली आणि बाई आजारी पडल्यामुळे चर्चला जायची थांबली का, हेही हिशेबात धरलं. तुमच्या शंभर-शंभरच्या सर्वेक्षणात नेमकं हेच नसतं.

तुलनेची निवड कशी करावी हे शिकायचं असेल तर १९९६ चा इस्रायलमधला अभ्यास वाचा. तिथल्या किबुत्झ वसाहतींमध्ये शेती, जेवण, मुलांची शाळा सगळं सामूहिक. संशोधकांनी ११ धार्मिक आणि ११ निधर्मी किबुत्झ जोडीने निवडले आणि ३,९०० माणसांची १९७० ते १९८५ अशी सोळा वर्षांची नोंद तपासली. निधर्मी किबुत्झमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. इथे ‘देवळात जाणाऱ्याला माणसांचा आधार मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही’ ही पळवाट बरीचशी बंद होते, कारण एकत्र राहणं दोन्हीकडे आहे. तरीही हा प्रयोग नव्हे. धार्मिक किबुत्झमधला माणूस काय खातो, किती पितो, आठवड्याची सुट्टी कशी घालवतो, हे सगळं त्या ‘धार्मिक’ या एका शब्दात बांधलेलं आहे.

माळ आधी की दारू आधी?

हा मुद्दा आपल्याकडच्या उदाहरणाने जास्त पक्का बसेल. वारकरी माळकऱ्याने मांस-मद्य वर्ज्य करायचं असतं. समजा माळकऱ्यांचं यकृत इतरांपेक्षा चांगलं निघालं. आता दारू हा घटक तुम्ही आकडेमोडीतून ‘कंट्रोल’ करायचा की नाही?

बहुतेक जण म्हणतात, करायचा, कन्फाउंडर आहे. थांबा. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक माणूस मुळातच दारू न पिणारा होता, म्हणून त्याला माळ घालणं सोपं गेलं. इथे दारू कन्फाउंडर आहे, तिचा परिणाम वेगळा काढलाच पाहिजे. दुसरा पिणारा होता, माळ घातली आणि त्या शपथेने दारू सुटली. इथे दारू सुटणं हा माळेच्या परिणामाचाच रस्ता आहे, म्हणजे मीडिएटर. तो ‘कंट्रोल’ केलात तर जो परिणाम शोधायला निघालात तोच स्वतःच्या हाताने पुसून टाकाल.

दोघांमधला फरक एसपीएसएस सांगणार नाही. तो काळाच्या क्रमाने कळतो: आधी काय झालं, नंतर काय झालं. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत हा क्रम नसतो. व्हायवाला बाहेरचे परीक्षक इथेच बोट ठेवतात, आणि तोपर्यंत डेटा पुन्हा गोळा करायची वेळ निघून गेलेली असते.

दुसरा प्रश्न: प्रार्थनेच्या वेळी शरीरात काय होतं?

आता मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात करारावर तिथे गेलेल्या मजुरांमध्ये मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. त्यांचे वंशज आजही गणेश चतुर्थी करतात, तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या ला गोलेत गावातल्या मराठी समाजावर मार्टिन लँग, यान क्राट्की आणि दिमित्रिस झिगालाटास यांनी प्रयोग केला. पेपर २०२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स बी’मध्ये आला.

माणसं ७५. आधी सगळ्यांना थोडं टेन्शन दिलं: नैसर्गिक आपत्ती आली तर काय काळजी घ्याल यावर बोलायची तयारी करा, तज्ज्ञ तपासणार आहेत. मग एका गटाने गावातल्या देवळात जाऊन आपली नेहमीची पूजा केली. दुसऱ्या गटाने नुसतं बसून आराम केला. नंतर दोन गोष्टी पाहिल्या: माणूस स्वतः किती चिंता सांगतो, आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती लवचिकपणे कमी-जास्त होतं. पूजा केलेल्या गटात सांगितलेली चिंता कमी आणि हृदयाच्या नोंदीतूनही ताण कमी दिसला.

मला हा पेपर आवडतो. प्रश्न लहान आहे, कंट्रोल ग्रुप आहे, माणसाच्या शब्दाला शरीराच्या नोंदीची जोड आहे. मुख्य म्हणजे पूजा त्यांनी बाहेरून शिकवली नाही, लोकांची रोजचीच घेतली. हातांच्या हालचालींची ठरावीक पुनरावृत्ती जितकी जास्त तितकी चिंता कमी, असा त्यांचा एक अंदाज होता. त्याबाबतचा निकाल सूचक आहे पण स्थिर नाही, अजून तपासायला हवं, हे त्यांनी सारांशातच लिहून टाकलंय. आपल्याकडे असा निकाल ‘मर्यादा’ नावाच्या शेवटच्या पानावर ढकलला जातो.

पण माझ्या तक्रारी तीन आहेत.

पहिली, तुलना. एकीकडे देऊळ, मूर्ती, उदबत्तीचा वास, ओळखीची कृती. दुसरीकडे नुसतं बसणं. फरक पूजेने पडला, जागेने पडला, की हाताला काम मिळाल्याने पडला? परीक्षेचं भाषण डोक्यात असताना रिकामं बसलं की तेच विचार घोळत राहतात, हा अनुभव सगळ्यांना आहे. तिसरा गट हवा होता: तेवढाच वेळ हाताला सवयीचं, पण धार्मिक नसलेलं काम करणारा. लसूण सोलणारा म्हणा, जाळं दुरुस्त करणारा म्हणा. आणि चौथाही चालला असता, देवळात नुसता बसलेला.

दुसरी, मोजमाप. हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर श्वासाला बांधलेलं असतं. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. श्वास संथ झाला की हा चढउतार मोठा दिसतो. २००१ साली बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा पेपर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. म्हणजे हृदयाची नोंद सुधारली एवढ्यावरून मन शांत झालं असं लगेच म्हणता येत नाही. श्वासाची लय बदलली असेल तरी नोंद तशीच येईल. लय बदलणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, पण निष्कर्षाचं वाक्य मात्र बदलतं.

तिसरी तक्रार लेखकांपेक्षा बातमी देणाऱ्यांवर जास्त. हा प्रयोग एका दिवसाचा, एका बैठकीचा आहे. यात ‘नियमित’ काही तपासलेलं नाही आणि ‘आरोग्य’ही नाही. आजच्या पूजेने आजचा ताण उतरला म्हणजे वीस वर्षांनी हार्ट अटॅक टळला असं होत नाही. मधल्या पायऱ्या कुणीतरी एकेक करून दाखवाव्या लागतील.

तिसरा प्रश्न: दुसऱ्याने माझ्यासाठी केलेली प्रार्थना

हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे, तरी आपल्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये तो वरच्या दोघांबरोबर एकाच परिच्छेदात टाकला जातो.

२००६ साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाचा अभ्यास आला. सहा रुग्णालयं, बायपास होणारे १,८०२ रुग्ण, तीन गट. एका गटासाठी प्रार्थना झाली पण ‘होईल किंवा होणार नाही’ एवढंच सांगितलेलं. दुसऱ्यालाही तेच सांगितलं, पण प्रार्थना झाली नाही. तिसऱ्याला ‘तुमच्यासाठी नक्की होणार’ असं सांगितलं आणि झाली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के.

पहिल्या दोन गटांत फरक नाही, हा मुख्य निकाल. लोक मात्र ५९ वरच थांबतात. हा योगायोग असू शकतो. ‘माझ्यासाठी मुद्दाम प्रार्थना लावलीय, म्हणजे मी एवढा गंभीर आहे का?’ या धास्तीने झालं असेल, अशीही शक्यता तेव्हा मांडली गेली. यावरून ‘प्रार्थना घातक आहे’ म्हणणारा आणि मॉरिशसच्या पेपरवरून ‘पूजेने बीपी जातो’ म्हणणारा, दोघेही डेटाच्या पुढे धावतायत.

शिवाय प्रार्थना न झालेल्या गटाला घरच्यांची, शेजाऱ्यांची प्रार्थना नव्हती असं कोण म्हणेल? बायपासला नेताना घरचे गप्प बसत नाहीत. प्रत्यक्षात तुलना झाली ती ‘घरच्यांची प्रार्थना’ आणि ‘घरच्यांची अधिक अनोळखी माणसांची प्रार्थना’ यांची. मोठं सॅम्पल आणि चिठ्ठ्या टाकून केलेले गट असले तरी हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या देशातही २०२१ मध्ये ऋषिकेशच्या एम्सने कोविडच्या २० रुग्णांवर गायत्री मंत्र आणि प्राणायाम यांची चाचणी हाती घेतली होती. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना. वीस जणांचे दोन गट म्हणजे एका गटात दहाच्या आसपास. दोन माणसं लवकर बरी झाली की टक्केवारी वीसने हलते. आणि मंत्र व प्राणायाम एकत्र दिले तर श्रेय कुणाला द्यायचं? बर्नार्डींचा पेपर वाचलेला विद्यार्थी हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारेल.

मग येरमाळ्यात काय करता येईल?

विषय सोडा असं मी म्हणत नाही. लहान करा, असं म्हणतोय.

यासाठी नमुना म्हणून प्रयागच्या माघ मेळ्यावरचा पेपर वाचा. श्रुती तिवारी आणि सहकाऱ्यांचा, २०१२, ‘प्लॉस वन’. महिनाभर गंगेकाठी थंडीत, गर्दीत, गोंगाटात राहणारे कल्पवासी ४१६, आणि त्यांच्यासारखेच पण मेळ्याला न गेलेले १२७. दोघांनाही मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर गाठलं. कल्पवाशांनी स्वतः सांगितलेलं स्वास्थ्य न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारलं. उणीव उघड आहे: सगळं स्वतः सांगितलेलं, आणि महिनाभर तिथे राहायची तयारी असलेला माणूस मुळातच वेगळा असू शकतो. पण ‘आधी-नंतर’ आणि ‘गेलेले-न गेलेले’ अशा दोन तुलना एकत्र केल्याने टेकडीची अडचण बरीच आटोक्यात आली.

हेच येरमाळ्याला आणा. पायरीवर उभं राहून सॅम्पल घेऊ नका. यात्रेच्या महिनाभर आधी आसपासच्या चार गावांत घरोघर जा. यात्रेला जाणारे घ्या, जायची इच्छा असून जाऊ न शकणारे घ्या, आणि ज्यांना जायचंच नाही तेही घ्या. मधला गट सगळ्यात मोलाचा, कारण श्रद्धा तीच आहे, फक्त प्रवास नाही. प्रत्येकाचा रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी, बसवून, एकाच यंत्राने मोजा. गोळी चालू आहे का, कधीपासून, मध्ये सोडली का, हे लिहून घ्या. यात्रेनंतर महिन्याने त्याच माणसांना पुन्हा गाठा. जे यात्रेतून आजारी पडून आले त्यांना तर आवर्जून गाठा. चैत्रातलं मराठवाड्याचं ऊन आहे, असे लोक असणारच, आणि दुसऱ्या फेरीत तेच घरी सापडत नाहीत.

‘प्रार्थना’ म्हणजे काय तेही ठरवा. आराध्यांनी संबळावर तासभर उभं राहून गाणं, घरी बसून हरिपाठ म्हणणं, आणि देवीपुढे हात जोडून दोन मिनिटं थांबणं, शरीराच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एका रकान्यात टाकलीत तर जे उत्तर येईल ते कशाचंच नसेल.

सिनॉप्सिसचं शीर्षक मग काहीसं असं होईल: ‘येडेश्वरीच्या चैत्री यात्रेस गेलेल्या व न गेलेल्या प्रौढांच्या रक्तदाबातील बदल: यात्रेपूर्वी व यात्रेनंतर’. दिसायला साधं आहे. ‘प्रार्थना आणि आरोग्य’सारखा त्यात रुबाब नाही. पण याचं उत्तर तीन वर्षांत खरंच मिळू शकतं, आणि ते ‘काही फरक नाही’ असं आलं तरी पीएच.डी. वाया जात नाही.

शेवटचं एक, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचा प्रबंध लायब्ररीत पडून राहील, पण निष्कर्षाची एक ओळ स्थानिक पेपरात छापून येईल आणि गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल. ‘नियमित प्रार्थनेने रक्तदाब नियंत्रणात’ असं वाचून एखाद्या काकांनी गोळी बंद केली, किंवा बरं न झालेल्या एखाद्या मावशीला आपलीच भक्ती कमी पडली असं वाटलं, तर ती ओळ तुमची असेल. म्हणून निष्कर्ष लिहाल तेव्हा ‘या माणसांमध्ये, एवढ्या काळात, याच्या तुलनेत’ हे तीन तुकडे त्याच वाक्यात ठेवा. मथळा करताना कुणी ते कापले तर निदान मूळ वाक्य दाखवता येईल.

तुमच्या सिनॉप्सिसमधली तुलना काय आहे, ती एका ओळीत लिहून बघा. एका ओळीत बसत नसेल, तर गाईडकडे जायच्या आधी तेवढंच काम करा.